मुलीचा ताबा आईलाच, बापाने काय करायचं?

प्रश्न: घटस्फोटाची केस चालूय, मुलगी ४ वर्षांची, आईकडे असते. वकील म्हणतात ५ च्या आत आईलाच मिळते, विसरा. वेणी घालण्यापासून डॉक्टरपर्यंत सगळं मी करायचो, ते कोणी बघतच नाही का?

उत्तर: दादा, १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात कलम ६ मध्ये ५ वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असंय, पण कलम १३ मुलाचं हित सर्वात वर ठेवतं, म्हणून शाळेचे मेसेज, लसीकरणाचं कार्ड जपा आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली भेटीचा अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा) अर्ज लगेच टाका, २०२० ला यशिता साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने व्हिडिओ कॉलचा हक्कही मानलाय.

उत्तर: लॉ कमिशनने (सरकारला कायदे सुचवणारा आयोग) २०१५ मध्येच संयुक्त ताबा, म्हणजे मूल आई-बाप दोघांच्या ताब्यात, सुचवला होता, तरी बापाला 'विसरा' ऐकावं लागतं, खूप संताप येतो. अर्जात तिच्या आईवर चिखलफेक मात्र नको, पोरगी भरडली जाते.