शेजारचं घर पेटलंय, आत शिरावं का?

प्रश्न: लेबनॉनबद्दल वाचत बसलोय आणि डोकं गरगरतंय. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. १९४३ चा हा अलिखित करार, तोही १९३२ च्या जनगणनेवर बेतलेला. त्यानंतर अधिकृत जनगणना झालेलीच नाही! अशा शेजाऱ्याशी बोलायचं म्हणजे नेमकं कुणाशी? तिथे यादवी पेटल्यावर शेजारच्या सीरियाने १९७६ मध्ये सैन्य घुसवलं, ते चुकलंच का?

प्रतिसाद: शिरणं सोपं होतं हो, निघायला २००५ उजाडलं. गेले मॅरोनाइटांना सावरायला आणि दोनच वर्षांत बैरूतच्या अश्रफियावर, म्हणजे त्यांच्याच वस्तीवर, तोफा डागत होते. तोवर त्यांच्यातल्या काहींनी इस्रायलचा हात धरला होता ना.

प्रतिसाद: इस्रायलचं तरी काय वेगळं? १९८२ मध्ये पीएलओला, म्हणजे पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेला, लेबनॉनमधून हुसकायला गेले. पीएलओ ट्युनिसला गेली, तिच्या जागी हिजबुल्ला ही शियांची सशस्त्र संघटना उभी राहिली. दक्षिणेतून पाय काढेपर्यंत मे २००० आला. आगीतून फुफाट्यात.

प्रश्नकर्ता: मग हाताची घडी घालून बसायचं?

प्रतिसाद: तसं कुठं म्हटलं? यादवी मिटवायला १९८९ मध्ये सौदीतल्या ताइफला लेबनॉनच्याच खासदारांना एकत्र बसवलं. संसदेतलं ख्रिश्चन-मुस्लिम ६:५ प्रमाण मोडून निम्मं-निम्मं केलं. पुढे बहुतेक मिलिशियांनी, म्हणजे गटागटांच्या खासगी फौजांनी, शस्त्रं खाली ठेवली, हिजबुल्ला सोडून. ती मेख तेव्हा कुणी उपटली नाही, कारण सीरियाला ती हवीच होती.