अनुभव धागा: नाव पोराचं की पोरीचं?

भाच्याच्या घरी बाळ येणार आहे. मुलगा होवो की मुलगी, नाव 'किरण'च, असं दोघांनी ठरवून टाकलंय. म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडच्यांनी लिहा: ज्यांचं नाव बाई-पुरुष दोघांनाही चालतं, त्यांना आपल्या भागात काय काय ऐकावं लागलं?

आधी माझंच सांगते. मीही किरण. मराठीत 'किरण' लिहिलं तरी वाचताना आपण 'ण'चा पाय मोडूनच वाचतो. कन्नडात तसं चालत नाही. अक्षर पूर्ण लिहिलं की त्यातला 'अ' उच्चारायचाच. तो नको असेल तर खरोखर पाय मोडून लिहावं लागतं. माझ्या रेशनकार्डावर कुणी तो मोडला नाही. पुढच्या कागदावर त्याचं इंग्रजी करणाऱ्यानं शेवटी इमानदारीनं एक 'ए' जोडला. झालं, रेशनच्या रांगेत माझा पुकारा व्हायचा: 'किराणा!'

निपाणीजवळून

मी शीतल. गडी माणूस. आमच्या जैन घरांत हे मुलाचंच नाव, दहावे तीर्थंकर शीतलनाथ त्यांच्यावरून ठेवलेलं. गावात कुणाला कधी वेगळं वाटलं नाही. आज्जी 'शितळ' म्हणायची, शेतावरचे कन्नड गडी 'शीतलाण्णा', मित्र 'शितल्या'. पुण्यात नोकरीला गेलो आणि मी बाई झालो! रूमवर राहणाऱ्या मित्राचं लग्न झालं, त्यानंतर एकदा रात्री अकराला त्याला फोन केला. मोबाईलवर नाव आलं 'शीतल'. उचलला वहिनींनी. माझा घोगरा आवाज ऐकूनही त्यांचा संशय फिटायला दोन दिवस लागले म्हणे. आता त्याच्या फोनमध्ये मी 'शीतल निपाणी गडी' आहे.

चिकोडी तालुका, निवृत्त शिक्षक

हजेरीपट लिहिण्यात जन्म गेला, म्हणून थोडं लांबण लावतो. मी लागलो तेव्हा पालकांच्या रकान्यात आदगोंडा, पायगोंडा, बाळगोंडा अशी नावं असत. मुलांच्या रकान्यात शीतल, किरण, अभिनंदन. नव्वदीनंतर शीतल मुलींकडे सरकलं. एका वर्षी माझ्या वर्गात तीन शीतल होते, दोन पोरं आणि एक पोरगी. मी मुलीला 'शीतल' आणि पोरांना आडनावानं हाक मारायचो. अन्याय होता, खरं सोय होती. पुढं पोरांत ते नाव जवळपास दिसेनासंच झालं. ज्या नावावर मुलींचा शिक्का बसतो ते आईबाप मुलाला ठेवत नाहीत. उलटं मात्र चालतं.

आता नातवंडांच्या पिढीत 'आर्य' आणि 'आर्या'. बोलताना कन्नडात दोन्ही वेगळे कळतात, मराठीतही कान देऊन ऐकलं तर कळतात. पण इंग्रजी फॉर्मवर दोघांचं स्पेलिंग एकच. मुलगा की मुलगी, हे पुन्हा विचारणं आलंच.

उगारहून

आमच्या दारातनं कृष्णा वाहते. गल्लीत कृष्णा नावाचे दोन बाप्ये आणि एक आत्या. कुणाचं काही अडत नाही गा. 'कृष्णाआत्या' म्हटलं की झालं.

बेळगाव, कॅम्प

आईचं नाव कमल. किल्ल्यातलं जैन मंदिर, कमलबस्ती, आमच्यापासून जवळ, म्हणून लहानपणी मला वाटायचं की आईचं नाव बस्तीवरूनच ठेवलंय. बाबा फौजेत. उत्तरेकडं बदली झाली की तिथल्या कागदांवर हमखास 'श्री कमल', कारण तिकडं कमल पुरुष. एका कचेरीत तर बाबांना विचारलं, 'हे तुमचे भाऊ का?' आई तिथंच उभी होती. नऊवारीत.

धागा काढणारी पुन्हा

शीतलदादा, 'निपाणी गडी' वाचून घरात सगळे लोळले. गुरुजी, तुमचं खरं आहे. हे वाचल्यावर भाच्याची सासू म्हणते, मुलगी झाली तर किरण, मुलगा झाला तर बघू! भाचेसून हटून बसलीय. भाचा मात्र कन्नड जन्मदाखल्यावर 'ण'चा पाय आठवणीनं मोडून घ्यायचा, एवढंच बोलतोय.