मदत हवी आहे: 'सही केली की पैसे येतेत का?' ही संमती धरायची का?

नमस्कार. मी एम.ए. मानसशास्त्र, शेवटच्या वर्षाला. लघुप्रबंधासाठी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींच्या मुलाखती घेतेय. बीड जिल्हा एवढंच सांगते, गाव मुद्दाम लिहीत नाही.

परवाच्या मुलाखतीत अडकलेय. संमतीपत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं, सहभाग ऐच्छिक आहे, कधीही थांबता येईल वगैरे. बाई सातवी शिकलेली. हो हो करत सही केली. मग दीड तास बोलली. फवारणीचा डबा कुठं सापडला इथपर्यंत. आणि मी निघताना तिनं विचारलं, "ताई, ह्या फारमवर सही केली की पैसे येतेत का ओ?"

तिच्या नवऱ्याच्या आत्महत्येचं प्रकरण सरकारी मदतीसाठी अपात्र ठरलंय, एक लाखाची मदत मिळालेली नाही. आजवर तिच्या दारात कागद घेऊन जो आला तो पात्र-अपात्र ठरवायलाच आला, मग मी वेगळी कशी वाटणार? मी लगेच सांगितलं की माझा त्याच्याशी संबंध नाही. ती "बरं" म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली. शिवाय सासू पूर्ण वेळ उंबऱ्यावर बसलेली. तिला 'थोडं एकटं बोलू द्या' म्हणायचं धाडस मला झालं नाही, चूक माझीच.

मार्गदर्शक म्हणतात, सही आहे ना, मग झालं. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा दुर्बल गटांसाठी जास्तीची काळजी घ्यायला सांगितलंय, आणि संमती म्हणजे नुसती सही नव्हे, हेही. नीतिमत्ता समितीपुढे आमचा विषय गेलेलाच नाही, एम.ए.ला लागत नाही म्हणे.

तर, ही मुलाखत वापरू का, की पुन्हा जाऊन नव्यानं विचारू? वगळली तर तिचा दीड तास फुकट गेला असं होईल का? कापूस वेचणी सोडून बसली होती, किलोवर मजुरी मिळते. तो खाडा भरून दिला तर ते आमिष ठरेल का?

दुसरं, पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) मधला नववा प्रश्न, मेलेलं बरं असं वाटतं का हा. तिनं 'जवळजवळ रोज' सांगितलं. मी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर लिहून दिला, पण घरात फोन एकच, तोही दिराकडं. अशा वेळी तुम्ही नेमकं काय करता? गावातल्या आशाताईंना (आशा कार्यकर्तीला) सांगितलं तर गोपनीयता मोडते का? हे आधी सांगा, बाकीचं नंतर.

शनिवारी पुन्हा गावात जातेय. लेकराच्या वहीचं पान फाडून तिनं दिराचा नंबर दिलाय, "काय झालं ते कळवा" म्हणून.