मुलांना हक्क आणि नागरिकत्व कसं शिकवलंत? : अनुभव धागा

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. परिपाठाला रोज संविधानाची उद्देशिका होते. मुलांना झोपेतून उठवलं तरी ती धडाधड म्हणतील. गेल्या वर्षी सातवीला नागरिकशास्त्र घेताना ‘दर्जाची व संधीची समानता’ इथे थांबले आणि विचारलं, आपल्या शाळेत ही कुठे दिसते? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

“बाई, वर्ग रोज आम्हीच झाडतो. पोरं फक्त घंटा देतात.”

कित्येक वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला कधी खुपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाळ्यांचा तक्ता नव्याने केला. “आमच्या पोराच्या हातात केरसुणी कशाला?” म्हणत दोन पालक आले. त्यांची समजूत घालायला दोन संध्याकाळी गेल्या. तक्ता अजून भिंतीवर आहे.

तुमच्या घरात, वर्गात असं काही घडलं असेल तर लिहा. फसलेलंही लिहा, ते जास्त उपयोगी पडतं.

निवृत्त एसटी कर्मचारी, रायगड

दहा वर्षांच्या नातवाला 20 मार्चला महाडला नेलं. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून 1927 सालची हकीकत सांगितली. बाबासाहेब लोकांना घेऊन इथे आले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्याने विचारलं, “पाणी प्यायला बंदी कुणाची होती? सरकारची?”

खरी मेख तिथेच आहे. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला होता. कागदावर हक्क होता, तळ्यात ओंजळ घालायची मुभा नव्हती. पाणी प्यायल्याबद्दल लोकांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं गेलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. पोराने बोटांवर मोजलं. “चौदा वर्षं, आजोबा!”

माझ्या वडिलांना गावच्या विहिरीवर वरून ओंजळीत पाणी ओतत, हेही त्याला मी तिथेच पहिल्यांदा सांगितलं. घरी कधी तोंडातून निघालं नव्हतं.

एक बाबा, पुणे

मुलीला शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांतून खासगी शाळेत प्रवेश मिळाला. तिसरीत कुणीतरी तिला ‘फुकटवाली’ म्हणालं. लेक रात्री जेवली नाही. तिला सांगितलं, तुझ्या जागेचे पैसे सरकारने शाळेला द्यायचे असतात, आणि सरकारकडे ते आपल्याकडूनच जातात. आपण साबणाची वडी घेतो त्यातही कर असतो. हे दान नाही, बाळा, हा कायदा आहे.

फसलेलं सांगायचं तर, बाईंशी बोलायचा धीर मलाच सहा महिने झाला नाही. शेवटी तीच बोलली.

एक आजी, नागपूर

हक्क शिकवताना कर्तव्यं विसरू नका हो. मुलं हल्ली नुसतं मागतात.

धागाकर्ती

आजी, कर्तव्यं शिकवतेच. ती 1976 साली 42व्या दुरुस्तीने संविधानात आली, अनुच्छेद 51क मध्ये. पण मूलभूत हक्क काही कर्तव्यांच्या बदल्यात मिळत नाहीत. गृहपाठ न करणाऱ्या मुलालाही मार न खाण्याचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला सरळ मनाई करतं. हे आधी आम्हा शिक्षकांना शिकावं लागलं. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याही हातात छडी होती. तेव्हाची दोन-तीन मुलं अजून नावानिशी आठवतात.

एक आई, न्यू जर्सी

मुलगा इथे जन्मला म्हणून अमेरिकन नागरिक, आम्ही दोघं अजून भारतीय. निवडणुकीच्या दिवशी त्याने विचारलं, “तुम्ही टॅक्स भरता, मग व्होट का नाही?” भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्याला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) काढलं तरी तिकडे मत देता येणार नाही, हे सगळं नकाशा काढून समजावलं. पण त्याचा प्रश्न मनातून जाईना. मग कळलं की इथल्या स्कूल बोर्डाच्या बैठकीत बोलायला नागरिक असावं लागत नाही. गेल्या महिन्यात ग्रंथालयाच्या वेळांबद्दल मी तिथे तीन मिनिटं बोलले. तो पहिल्या रांगेत बसून मिनिटं मोजत होता.