नेत्यांवरचा विश्वास उडालाय, मग तपासायचं काय आणि कुठं?

तिकटीवरचा
धरणातून येणाऱ्या थेट पाइपलाइनच्या पाण्याची वाट कोल्हापूर शहरानं २०२३ च्या दिवाळीपर्यंत बघितली. महापालिकेची मुदत २०२० ला संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासक. कोण सकाळी कुठल्या पक्षात आणि दुपारी कुठल्या, ते पेपर बघून कळतं. ‘सगळे सारखेच’ म्हणून गप्प बसायचं नसेल, तर सामान्य माणसाला कागदावर काय पडताळता येतं? गल्लीतल्या रस्त्यापासून सुरुवात केली तरी चालेल. उपदेश नको, रीत सांगा.

पंचगंगाकाठ
रस्ताच घ्या, कारण तो मोजता येतो.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात करायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. लोक इथंच फसतात. ‘रस्ता का उखडला?’ असं विचारलं की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. कारण विचारू नका, कागद मागा: कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा हुकूम), अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची (एम.बी., म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची वही) संबंधित पानं, गुणनियंत्रणाचे चाचणी अहवाल आणि अदा केलेली बिलं.

खरी गोम एम.बी.त असते. समजा १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद रस्त्यावर ३० मिमीचा थर लिहिलाय, म्हणजे १८ घनमीटर माल. जागेवर २० मिमीच निघाला तर १२ घनमीटर. एक तृतीयांश माल फक्त कागदावर पडला. जाडी रोलर फिरल्यानंतरची धरायची, आणि कडेला मोजू नका, तिथं थर तसाही पातळ असतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) खाली साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्क आहे, तो फारसा कुणी वापरत नाही.

कार्यादेशात दोषदायित्व कालावधी बघा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. मुदत संपून अनामत परत गेली की मग पालिकेच्या, म्हणजे आपल्याच पैशानं पॅचवर्क.

तिकटीवरचा
आणि ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणाले तर?

पंचगंगाकाठ
तर अभिलेख तपासणी मागा, म्हणजे कार्यालयात जाऊन कागद स्वतः बघायचे. पहिला तास फुकट, हवी तेवढीच पानं २ रुपयांनी घ्यायची. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. तिथंही दाद लागली नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाकडं. आयोगाकडं तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाची सुनावणी हलक्यात घेऊ नका. आपल्या प्रतीवर आवक शिक्का पाहिजेच, नाहीतर मुदत मोजायची कुठून?

रंकाळा_वारा
रस्ता झाला, आता माणूस. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं. एकाच नेत्याची लागोपाठची दोन काढा आणि शेजारी ठेवा. जमिनीचा गट नंबर, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, आजचा बाजारभाव, पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न. सातबारा ऑनलाइन फुकट बघता येतो, त्यामुळं गट नंबर लगेच जुळवता येतो. नुसत्या एकूण आकड्यावर बोंब मारू नका; जमिनीचा भाव वाढला तरी तो आकडा फुगतो.

यात काय दिसत नाही तेही लक्षात ठेवा. तपशील स्वतःचा, जोडीदाराचा, हिंदू एकत्र कुटुंबाचा आणि अवलंबितांचा असतो. कमावता मुलगा, सून यांचं त्यात येत नाही. साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ यांचं कर्ज संस्थेच्या नावावर, त्यामुळं तेही नाही. आपल्या जिल्ह्यात तर निम्मी सत्ता तिथंच असते!

दसरा_चौक
पक्षांतराचं थोडक्यात. नगरसेवकांना १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता (अपात्रता) कायदा लागू आहे. महापालिकेच्या प्रकरणात निर्णय विभागीय आयुक्तांकडं, म्हणजे पुण्याला. निकालाच्या अधिसूचनेनंतर एका महिन्यात आघाडी नोंदवायची सोय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आहे. आपल्याकडं एवढ्या आघाड्या आणि गट का असतात, ते यावरून उमजेल. गटनोंदणीची प्रत मागवली की कोण कुणाच्या व्हीपखाली (पक्षादेशाखाली) आहे ते कळतं. महापौरपदाची काही महिन्यांची खांडोळी मात्र कुठल्याच कायद्यात अडकत नाही, राव.

तिकटीवरचा
आणि हे सगळं हातात आल्यावर?

दसरा_चौक
लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, महिन्याचा पहिला सोमवार. विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी, दोन प्रतींत. न्यायप्रविष्ट आणि माहिती अधिकारातली प्रकरणं तिथं घेत नाहीत, त्यामुळं अर्जात ‘माहिती मिळाली नाही’ हा विषय घालू नका. रस्त्याची तक्रार, एम.बी.ची पानं आणि मोजमापाचे फोटो, एवढंच लावा.