डोंगल एकाकडे, ओटीपी दुसऱ्याकडे: नव्या महिला सरपंचानं सुरुवात कुठून करावी?

सीनाकाठ:
मोहोळ तालुक्यातली ग्रामपंचायत, नऊ सदस्य. सरपंचपद सर्वसाधारण महिलेसाठी राखीव, निवड थेट जनतेतून. निवडून आल्या आमच्या वहिनी, बारावी झालेल्या, हिशेबाला पक्क्या. पण पहिल्याच महिन्यात "तुम्ही फक्त सही करा" सुरू झालंय. डिजिटल सहीचं डोंगल (संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी किल्ली) ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांच्या कपाटात आणि ओटीपी दादांच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या मोबाइलवर. त्यात उपसरपंचाचा गट अविश्वासाची भाषा बोलतोय. भाषणं नकोत, कागदाचं सांगा.

पारावरचा लिंब:
अविश्वासाची भीती आधी डोक्यातून काढा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 35 वाचा. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं ठराव आणता येत नाही, मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांतही नाही. मधल्या काळात आणला तर एकूण सदस्यांच्या तीन-चतुर्थांश मतं लागतात, हजर असलेल्यांच्या नव्हे. नऊपैकी सहा फुटले तरी पुरत नाहीत. मंजूर झालाच तर पुढं ग्रामसभेत गुप्त मतदान.

हे त्या गटालाही ठाऊक असतं. म्हणून ते या वाटेनं येणार नाहीत, अपात्रतेच्या वाटेनं येतील. तिथं मतं जमवावी लागत नाहीत, एक अर्जदार पुरतो.

दोन गोष्टी आजच तपासा. निकालापासून 30 दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब दिला का? बिनविरोध आलेल्यांनाही तो द्यावाच लागतो, आणि तिथंच बरेच जण गाफील राहतात. कलम 14ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्रता होते. हिशेब दिल्याची पोच आहे का बघा, "दिलाय" एवढ्यावर भागत नाही. दुसरं, सरकारी जागेवरचं अतिक्रमण, कलम 14(1)(ज-3). जागा सासऱ्यांच्या नावावर असली तरी वहिनी तिथं राहत असतील तर प्रकरण अंगावर येतं. नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा काढा, जागा गायरानात सरकते का ते मोजणीच्या नकाशावर बघा. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना याच आरोपातून सोडवून पद परत दिलं. पण तोवर जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय असे सगळे उंबरठे झिजवून झाले होते.

माढा रोड:
लिंबभाऊंचं बरोबर, पण रोजची लढाई प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेचे ठराव लिहायच्या वहीत असते. मासिक सभा बोलावणं सरपंचाची जबाबदारी, कलम 36. पुरेसं कारण नसताना सभा घेतली नाही तर पदावर गदा येते. आणि नोटीस काढायची कुणी? ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं. तो "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाला की महिना निघून जातो आणि दोष वहिनींच्या माथी. म्हणून महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच सभेची तारीख लेखी कळवायची, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. नोटीस पूर्ण तीन दिवस आधी सदस्यांच्या हातात पडली पाहिजे, नोटीस वहीत प्रत्येकाची सही. सदस्य मुद्दाम आले नाहीत तरी "गणपूर्तीअभावी (किमान हजेरी नसल्यानं) सभा तहकूब" हे लिहून सही करायचीच. पान कोरं राहिलं तर सभा झालीच नाही असं धरतात.

सगळ्यात मोठा सापळा अजेंड्याचा शेवटचा विषय: "ऐनवेळचे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने". त्याखाली चार बोटं जागा सोडतात आणि सभा उठल्यावर तिथं ठराव घुसतो. सूचक-अनुमोदकाची नावं असतात, वर सही तुमचीच. त्यामुळं सभा संपल्या संपल्या टेबलावरच शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ, रेघेला लागून सही आणि तारीख. उरलेल्या पानावर काट. घरी पाठवलेल्या वहीवर सही करायची नाही, दादांनी आणली तरी.

सीनाकाठ:
रेघेचं लगेच सांगतो. डोंगलचं काय? मागितलं तर "माझ्यावर विश्वास नाही का?" हे ठरलेलं.

तालुका आवक-जावक:
विश्वासाचा प्रश्नच नाही, डोंगल वहिनींच्या नावावर आहे. दुसऱ्याची डिजिटल सही लबाडीनं वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66क लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण भांडू नका. गटविकास अधिकाऱ्यांना साधा अर्ज द्या: नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलून मिळावा. सिम वहिनींच्या नावाचं, फोन त्यांच्याच पिशवीत. मग डोंगल मागून घ्या आणि पिन बदला. पिन डोंगललाच चिकटवून ठेवण्याची पद्धत फार, ती आधी बंद. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकला की डोंगल लॉक होतं आणि मार्चअखेरीस धावपळ होते, तेवढं सांभाळा.

ई-ग्रामस्वराज या पंचायतीच्या हिशेबाच्या पोर्टलवर मेकर (बिल भरणारा) ग्रामपंचायत अधिकारी, चेकर (तपासून मंजुरी देणारा) सरपंच. मंजुरी देण्याआधी ठराव क्रमांक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, बिल आणि कामाचा फोटो मागायचा. पाचातलं एक जरी नसलं तर बिल परत. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा: त्यातला निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. त्यातून सिमेंट रस्त्याचं बिल निघालं तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि वसुलीची नोटीस वहिनींच्या नावानं निघते. ज्यानं सही "करून घेतली" त्याचं नाव त्यात नसतं.

पारावरचा लिंब:
दादांबद्दल: त्यांना हाकला असं सांगणं सोपं, गावात तसं चालत नाही. घरी बसून कागद वाचायला मदत करू देत, सभेत खुर्ची नको. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाच्या समितीनं 2025 च्या अहवालात सरपंच पतींना कडक दंडाची शिफारस केली आहे, पण त्या अहवालानं मोहोळमधली खुर्ची हलत नाही. महिला सभेनं हलते. ग्रामसभेआधी ती घ्यायचीच असते, बहुतेक ठिकाणी नुसत्या सह्या गोळा करतात. खरोखर घ्या. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. बचत गटातल्या चाळीस-पन्नास बायका तिथून सरळ ग्रामसभेत आल्या तर निम्मं काम झालं. फक्त खुरपणीच्या दिवसांत सकाळी दहाची वेळ ठेवू नका, कुणी येणार नाही.

माढा रोड:
आणि मानधन कुठल्या खात्यात जातंय ते बघा. दोन हजारांपर्यंतच्या लोकसंख्येला महिना 6000, त्यावरच्या गावांना 8000, आठ हजारांपुढं 10000. संयुक्त खातं दिलं असेल तर बदला.