मदत हवी आहे : डी-१२ च्या सेक्शनमध्ये लॅटरल मोटर कॉलम कसा?

स्लाइडवाली_नागपूर : एम.डी. अ‍ॅनाटॉमी, दुसरं वर्ष. परवा सेमिनार आहे. विषय, मानवी गर्भाच्या मज्जारज्जूतले मोटर कॉलम, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींचे (मोटर न्यूरॉनचे) उभे खांब. छातीच्या भागात हातापायांच्या स्नायूंसाठीचा लॅटरल (बाजूचा) कॉलम नसतो, एवढं माहीत आहे. पण माझ्या डी-१२ च्या (रज्जूच्या छातीतल्या बाराव्या खंडाच्या) सेक्शनमध्ये व्हेंट्रल हॉर्नच्या, म्हणजे रज्जूच्या पुढच्या शिंगाच्या, बाहेरच्या कडेला मोठ्या पेशींचा ठसठशीत पुंजका आहे. लेबल मीच लावलंय, ते चुकलेलं नाही. लवकर सांगा.

हिस्टोप्रेमी : गर्भ किती आठवड्यांचा? रंग कोणता?

स्लाइडवाली_नागपूर : क्रेसिल व्हायोलेट, पेशी दाखवणारा नेहमीचा रंग. रंगाचा काय संबंध?

जीन_गुरू : क्रेसिल व्हायोलेट सोडा, फॉक्सपी-१ ची अँटिबॉडी लावा, ते लॅटरल कॉलमच्या पेशींची खूण असलेलं प्रथिन आहे. छातीत हॉक्स-सी-९ हा जीन चालू असतो, तो लॅटरल कॉलम होऊच देत नाही. उंदरात हा जीन काढला तेव्हा छातीतही हातापायांसारखा कॉलम तयार झाला.

हिस्टोप्रेमी : परवा सेमिनार आहे तिचा! अँटिबॉडी यायलाच महिना जातो.

वऱ्हाडी_डॉक्टर : मला वाटते त्या उरलेल्या पेशी असतील. मोटर न्यूरॉन आधी गरजेपेक्षा जास्त तयार होतात नं, मग स्नायू न मिळालेले मरतात. हॅम्बर्गरनं १९३४ साली कोंबडीच्या भ्रूणाची पंखकळी (पंख होणारा कोंब) काढली, तर त्या बाजूचे न्यूरॉन कमी झाले होते.

जीन_गुरू : अख्खा कॉलम उरत नाही, डॉक्टरसाहेब. छातीत तो मुळात बनतच नाही.

अजनीकर : बायकोला पाचवा महिना आहे. मज्जारज्जूसाठी फॉलिक अ‍ॅसिड आता सुरू करू का?

वऱ्हाडी_डॉक्टर : दादा, न्यूरल ट्यूब, म्हणजे जिच्यापासून मज्जारज्जू बनतो ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवशीच बंद होते, म्हणून ती गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची असते. आता काय घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारा. धागा वेगळा आहे बाप्पा.

जुनी_मास्तरीण : बाळ, वय अजून सांगितलं नाहीस. आणि डी-१२ कसं ठरवलंस, मणके मोजून की रज्जूतून निघणाऱ्या नसांची मुळं मोजून?

स्लाइडवाली_नागपूर : २४ आठवडे. बाराव्या बरगडीच्या मणक्यासमोरचा तुकडा कापला, मॅडम. त्यात चूक कशी होईल?

जुनी_मास्तरीण : तिथंच घोळ आहे. तिसऱ्या महिन्यात मज्जारज्जू कण्याच्या नळीभर असतो. पुढे कणा भराभर वाढतो, रज्जू मागे पडतो. २४ व्या आठवड्याला त्याचं टोक एस-१ (त्रिकास्थीच्या पहिल्या) मणक्यापाशी असतं. म्हणजे बाराव्या मणक्यासमोर रज्जूचा बारावा खंड नसतो, कमरेचा असू शकतो. पायांचा कॉलम तिथूनच सुरू होतो. तुझे डोळे बरोबर आहेत, मोजणी चुकली. बाराव्या बरगडीखालून निघणारं मूळ धर आणि ते रज्जूत शिरतं तिथवर वर जा.

जीन_गुरू : तरी फॉक्सपी-१ नं पक्कं झालं असतं.

स्लाइडवाली_नागपूर : फॉर्मॅलिनमधला उरलेला तुकडा आत्ता काढून मुळं मोजली. मूळ वर गेलं, मॅडम. माझा ब्लॉक एल-२ चा, म्हणजे कमरेच्या दुसऱ्या खंडाचा आहे. खरा डी-१२ कापून उद्या सकाळी रंगवते.

जुनी_मास्तरीण : दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून दाखव.